सही आणि सिही

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माहेर मराठी, सासर कन्नड. या पानाच्या बहुतेक वाचकांचं घरही थोड्याफार फरकानं असंच असणार. दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द शोधण्याचा आमच्या मुलांचा एक जुना खेळ आहे. ‘सही’ हा त्यातलाच एक शब्द. बँकेच्या स्लिपवर मी करते ती सही, आणि सासूबाई पेन्शनच्या कागदावर कन्नडमध्ये करतात तीही सहीच. पण पहिल्या अक्षराला एक वेलांटी दिली की कन्नडमध्ये होतं ‘सिही’, म्हणजे गोड. आज हा खेळ आठवण्याचं कारण एका छापखान्यात घडलेली गोष्ट आहे. तीत सही आहे, पण कागदावरची नाही, कॉम्प्युटरच्या आतली.

डिचोलीच्या बाजारात माझ्या मावसभावाचा छोटा छापखाना आहे. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. लग्नपत्रिका, देवस्थानच्या पावत्या, भजनी मंडळांच्या स्मरणिका हे त्याचं वर्षभराचं काम. त्याच्याकडे मराठी अक्षरजुळणीचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. डीटीपी केलेल्यांना आठवत असेल, अशा सॉफ्टवेअरबरोबर बोटाएवढं एक ‘लॉक’ मिळायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडायचंच नाही.

२०११ साली अण्णानं नवा कॉम्प्युटर घेतला. ६४ बिटांचा, विंडोज ७ घातलेला. दिवाळी होऊन गेलेली, तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे पत्रिकांचा हंगाम सुरू. अण्णानं लॉक खोचलं आणि पडद्यावर निरोप आला की या ड्रायव्हरवर डिजिटल सही नाही, म्हणून तो चालू देता येत नाही.

दोन दिवस अण्णानं कळ काढली. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका मुलाला बोलावलं. मुलगा हुशार होता. म्हणाला, “अण्णा, ही सहीची कटकट बंदच करून टाकतो.” अर्ध्या तासात त्यानं मशीन ‘टेस्ट मोड’मध्ये टाकलं, त्या ड्रायव्हरवर घरच्या घरी बनवलेली एक सही ठोकली, आणि लॉक चालू झालं. त्या दिवसापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत ‘टेस्ट मोड’ असं दिसायला लागलं. वहिनीनं विचारलं, “हे काय लिहिलंय?” मुलगा म्हणाला, “काही नाही वहिनी, असतं तसं.”

पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी पेन ड्राइव्हवर ‘एक हजार मराठी फॉन्ट फुकट’ असा खजिना आणून दिला. त्यानंतर मशीन जड झालं. अँटिव्हायरस रोज हिरवी खूण दाखवायचा, सगळं ठीक आहे म्हणायचा. तरी छापखाना बंद असताना इंटरनेटचा दिवा लुकलुकत राहायचा. एका सकाळी मशीन सुरूच झालं नाही. म्हापशाच्या एका जाणकारानं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तेव्हा आत एक लपलेला ड्रायव्हर सापडला. त्याच्यावरही घरगुती सही होती. टेस्ट मोडमध्ये कुणाचीही घरगुती सही चालते. आपल्या मुलानं केलेली चालते, तशी चोरानं केलेलीही.

डिस्क पुसून नव्यानं सगळं घालावं लागलं. गिऱ्हाइकांची कामं कागदावरून पुन्हा उभी करता आली. पण अण्णानं दोन पावसाळे बसून मावशीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, तीनशेच्या आसपास. मावशी आमच्या बेळगावकडची, त्यामुळे तिच्या ओव्यांत मधूनच कन्नड शब्द यायचे. ती फाइल होती त्या एकाच मशीनवर, आणि मावशी त्याआधीच्या दिवाळीत गेलेली. प्रूफ म्हणून काढलेली चार पानं तेवढी वहिनीच्या कपाटात निघाली. त्यांत एकेचाळीस ओव्या आहेत.

या गोष्टीचा सगळ्यात कडू भाग पुढचा आहे. ओव्या गेल्यावर अण्णानं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना फोन केला, तेव्हा कळलं की त्या लॉकचा सही असलेला नवा ड्रायव्हर त्यांच्याकडे वर्षभरापूर्वीपासून तयार होता. फक्त मागायचा होता. आठ दिवसांत सीडी पोस्टानं आली. म्हणजे जे दार अण्णानं सताड उघडं टाकलं, ते उघडायची मुळात गरजच नव्हती.

मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते, म्हणून तेव्हापासून नातेवाइकांत हा प्रश्न माझ्याकडे येतो. ही सही असते तरी काय, आणि कॉम्प्युटर तिच्यासाठी इतका अडून का बसतो?

आपण रोज वापरतो ते प्रोग्राम, म्हणजे पत्र लिहिण्याचा, चित्रं बघण्याचा, गाणी ऐकण्याचा, हे सगळे देवळाच्या सभामंडपात बसलेल्या लोकांसारखे असतात. कुणी भजन म्हणतो, कुणी डुलक्या घेतो. एकाला भोवळ आली तर त्याला बाहेर नेतात, बाकीचं भजन चालू राहतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आत एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर कुणी काय लिहायचं, कीबोर्डवरचं बटण कुणाकडे पोचवायचं, सगळं तिथून ठरतं. देवळातला गाभारा म्हणा, कन्नडमध्ये गर्भगुडी म्हणा. सोवळ्या-ओवळ्याचा अर्थ इथं कृपा करून घेऊ नका; मला एवढंच म्हणायचं आहे की गाभाऱ्यात शिरलेल्यावर पहारा ठेवणारा आणखी आत कुणी नसतो. तिथं गेलेला प्रोग्राम कुठलीही फाइल वाचू शकतो, कुठलीही लपवू शकतो, अँटिव्हायरसच्या डोळ्यांवर पट्टी बांधू शकतो. अण्णाचा अँटिव्हायरस हिरवी खूण का दाखवत होता, ते आता कळेल. आणि गाभाऱ्यात कुणाला भोवळ आली, तर सगळं देऊळच बंद करावं लागतं. निळा पडदा येतो तो यामुळेच.

आता ड्रायव्हर. प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक्स कार्ड, अण्णाचं ते लॉक, अशी एकेक वस्तू कॉम्प्युटरशी बोलवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. यातले बरेच गाभाऱ्यात बसून काम करतात. ते बनवतात मात्र जगभरच्या हजारो कंपन्या. मग आत येणारा कोण आहे, हे ओळखायचं कसं?

पेडण्याच्या पत्रादेवी नाक्यावर किंवा डिचोलीकडच्या दोडामार्ग नाक्यावर सीलबंद मालाचा ट्रक येतो तेव्हा शिपाई काय बघतो? कागदावर पाठवणाऱ्याचं नाव आहे का, आणि मालाचं सील शाबूत आहे का. डिजिटल सही हीच दोन कामं करते. कंपनी आपल्या ड्रायव्हरच्या फाइलचा गणितानं एक अर्क काढते, त्याला हॅश म्हणतात. फाइल केवढीही असो, आज सर्रास वापरतात त्या पद्धतीनं हा अर्क २५६ बिटांचाच निघतो. लिहून काढला तर ६४ अक्षर-अंक. फाइलमध्ये एका स्वल्पविरामाइतका फरक झाला तरी अर्क पार बदलतो. हा अर्क कंपनी स्वतःच्या गुप्त किल्लीनं मोहोरबंद करते. त्या किल्लीची जोडीदार किल्ली जाहीर असते, आणि ती खरोखर त्याच कंपनीची आहे असं प्रमाणपत्र एक तिसरी, मान्यताप्राप्त संस्था देते. ड्रायव्हर आत यायला निघाला की कर्नेल स्वतः अर्क काढतो, मोहोरेतल्या अर्काशी ताडून बघतो, प्रमाणपत्र तपासतो. जुळलं तर आत, नाहीतर दारातून परत.

हे गणित आपल्याला अगदीच परकं नाही. टेंडर भरणारे कंत्राटदार आणि रिटर्न भरणारे सी.ए. पेन ड्राइव्हसारखं एक टोकन खोचून डिजिटल सही करतात, ती याच तत्त्वावर चालते. आपल्या देशात तिला कायद्याची मान्यता माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००नं दिली. तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे.

विंडोजच्या गाभाऱ्यावर हा पहारा पहिल्यापासून नव्हता. एक्सपीच्या काळात सही नसलेला ड्रायव्हर आला तर इशारा यायचा, आणि खाली ‘तरीही पुढे चला’ असं बटण असायचं. आपण सगळ्यांनी ते डोळे मिटून दाबलेलं आहे. त्याची किंमत २००५ साली जगाला कळली. सोनी बीएमजी कंपनीनं गाण्यांच्या काही सीडींत, नक्कल होऊ नये म्हणून, एक प्रोग्राम घातला होता. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की तो गुपचूप गाभाऱ्यात जाऊन बसायचा आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली लपवून टाकायचा. मार्क रसिनोविच या जाणकारानं ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघडकीला आणलं. थोड्याच दिवसांत व्हायरस लिहिणारे आपल्या फाइलींना तशीच नावं देऊन त्याच आडोशाला लपू लागले.

जानेवारी २००७मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली. तिच्या ६४ बिटांच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं ‘तरीही पुढे चला’चं बटण काढून टाकलं, सही नाही तर गाभाऱ्यात प्रवेश नाही. विंडोज ७नंही तेच चालू ठेवलं, आणि अण्णाचं लॉक अडलं ते तिथं. पुढे २०१६ साली विंडोज १०च्या एका सुधारणेनं नियम आणखी कडक केला. नव्या ड्रायव्हरवर नुसती कंपनीची सही पुरेना, तो मायक्रोसॉफ्टकडे पाठवून त्यांचीही सही घ्यावी लागू लागली. लिनक्सच्या कर्नेलमध्येही डिसेंबर २०१२पासून अशा सहीची सोय आहे.

इतकं सगळं मी अण्णाला समजावून सांगितलं होतं, आणि त्यालाही ते पटलं होतं. पुढे बारा-तेरा वर्षांनी त्यानं मला असा एक प्रश्न विचारला की मी दोन मिनिटं गप्प बसले.

२०२४ची आषाढी एकादशी १७ जुलैला होती. साखळीच्या विठ्ठलाचं दर्शन घ्यावं म्हणून मी चोर्ला घाट उतरून आले, आणि पाऊस इतका होता की दोन दिवस डिचोलीलाच राहिले. शुक्रवारी, १९ तारखेला, टीव्ही लावला तर जगभरातले विमानतळ ठप्प झालेले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाला ज्यांची विमानं येतात, त्या इंडिगो आणि अकासा या कंपन्यांनीही हातानं चेक-इन सुरू केल्याचं जाहीर केलं होतं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३पासून चालू झालेला, सगळं नवंकोरं, आणि काम मात्र वही-पेनाच्या दिवसांतलं.

हे कशामुळे झालं, ते संध्याकाळपर्यंत कळलं. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकी कंपनीचं संरक्षणाचं सॉफ्टवेअर मोठमोठ्या संस्थांच्या विंडोज मशीनवर असतं. त्याचा ड्रायव्हर गाभाऱ्यात बसतो, कारण चोर पकडायचा तर पहारेकरी आतच हवा. त्या दिवशी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीनं एक बारीकशी फाइल जगभर पाठवली. चूक लक्षात आल्यावर १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. पण त्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख मशीन बंद पडली होती. बहुतेकांना एकेका मशीनपाशी माणूस बसवून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती फाइल हातानं पुसावी लागली.

अण्णानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, “अगं, माझ्या ड्रायव्हरला सही नव्हती म्हणून मी बुडालो. ह्यांच्याकडे तर मायक्रोसॉफ्टची सही होती. मग हे कसे बुडाले?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधताना सहीची खरी योग्यता कळते.

क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरवर खरोखरच रीतसर, तपासणीतून आलेली सही होती. पण नवनवे चोर कसे ओळखायचे याची यादी कंपनीला सतत बदलावी लागते. दर वेळी अख्खा ड्रायव्हर पुन्हा तपासणीला पाठवला तर फार उशीर होईल. म्हणून ही यादी वेगळ्या फाइलींतून येते आणि सही असलेला ड्रायव्हर ती वाचतो. ती फाइल म्हणजे कोड नव्हे, नुसती माहिती; त्यामुळे तिला मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून जावं लागत नव्हतं. त्या दिवशीच्या यादीत एकविसावा रकाना बघायला सांगितलं होतं, आणि ड्रायव्हरच्या हातात रकाने होते वीसच. तो एकविसावा शोधायला मेमरीत भलतीकडे गेला, आणि गाभाऱ्यात भोवळ आली. हा ड्रायव्हर मशीन सुरू होतानाच चालू होणारा, त्यामुळे पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेच. नाक्यावरच्या भाषेत सांगायचं तर ट्रकचे कागद चोख होते, सील शाबूत होतं. मात्र नाका ओलांडून गेल्यावर ड्रायव्हरला फोनवरून जो रस्ता सांगितला गेला, तो दरीत जात होता.

अण्णाला मी म्हटलं, सही दोनच गोष्टी सांगते. माल कुणाचा, आणि वाटेत कुणी त्याला हात लावलेला नाही. माल चांगला आहे असं ती सांगत नाही. तिचा मालक नेहमी शहाण्यासारखा वागेल, असंही सांगत नाही.

हे आधीही दोनदा मोठ्या प्रमाणावर दिसून आलं होतं. २०१० साली स्टक्सनेट नावाचा व्हायरस सापडला. इराणच्या अणुकार्यक्रमातली यंत्रं बिघडवण्यासाठी तो बनवला होता असं मानतात. त्याच्या ड्रायव्हरवर तैवानच्या रिअलटेक या नामांकित कंपनीची अस्सल सही होती. ते प्रमाणपत्र रद्द झालं, तर लवकरच त्याच घराण्यातला दुसरा ड्रायव्हर जेमायक्रॉन या दुसऱ्या तैवानी कंपनीची सही घेऊन आला. गुप्त किल्ल्याच चोरीला गेल्या होत्या. सिमँटेक कंपनीच्या मोजणीत लागण झालेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियानंतर भारत तिसरा होता. आपल्याकडच्या मशीननीही ती चोरलेली सही बघून दार उघडलं होतं.

दुसरी तऱ्हा २०२०मध्ये दिसली. रॉबिनहूड नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं किल्ली चोरण्याचाही त्रास घेतला नाही. गिगाबाइट कंपनीचा एक जुना ड्रायव्हर होता, सही अस्सल, पण त्यात एक भोक राहून गेलेलं. व्हायरस तोच ड्रायव्हर बरोबर घेऊन यायचा. कर्नेल सही बघून त्याला आत घ्यायचा. मग त्या भोकातून हात घालून व्हायरस सही तपासणारी व्यवस्थाच बंद करायचा, आणि मागून स्वतःचा बिनसहीचा ड्रायव्हर आत आणून अँटिव्हायरस मारून टाकायचा. घरातल्या जुन्या, विश्वासू पण विसराळू गड्याच्या खांद्यावर हात टाकून परका माणूस माजघरात यावा, तसं.

मग सहीचा उपयोग काय, असं अण्णानं विचारलंच. उपयोग आहे, आणि मोठा आहे. सहीमुळे गाभाऱ्यात येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे एक नाव उभं राहतं. क्राउडस्ट्राइकची चूक कुणाची, हे काही तासांत जगाला कळलं, कंपनीला ती कबूल करावी लागली आणि कारण जाहीर करावं लागलं. चोरीची किल्ली कळली तेव्हा तिचं प्रमाणपत्र रद्द करता आलं. भोक पडलेल्या ड्रायव्हरांची काळी यादी मायक्रोसॉफ्ट ठेवते, आणि २०२२च्या विंडोज ११पासून ती आपोआप लागू असते. हे सगळं शक्य झालं ते नावं होती म्हणून. अण्णाच्या मशीनमध्ये शिरलेल्याचं नाव आजवर कुणाला कळलेलं नाही. जाब विचारायला समोर कुणीच नव्हतं.

आणि जुलै २०२४नंतर आणखी एक विचार पुढे आला. सही असली तरी गाभाऱ्यात इतकी गर्दी हवीच कशाला? अँटिव्हायरस बनवणाऱ्यांना गाभाऱ्याबाहेर, सभामंडपात बसूनच पहारा करता यावा, अशी सोय करायचं मायक्रोसॉफ्टनं मनावर घेतलं आणि २०२५मध्ये ती काही कंपन्यांना चाचणीसाठी द्यायला सुरुवात केली. म्हणजे उद्या एखाद्या पहारेकऱ्याला भोवळ आलीच, तर देऊळ बंद पडू नये.

आता आपल्या घरचं बघू. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ असं दिसत असेल, तर कुणीतरी तुमचं दार उघडं टाकून गेलेलं आहे. ज्यानं केलं त्याच्याकडून, नाहीतर दुसऱ्या जाणकाराकडून ते आधी बंद करून घ्या. ड्रायव्हर हवा तर तो विंडोजच्या अपडेटमधून किंवा वस्तू बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एकाच ठिकाणी’ अशा फुकटच्या खजिन्यांपासून लांब राहा. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, त्यात मेमरी इंटेग्रिटी असं एक बटण आहे. ते चालू असू द्या. एखादा जुना ड्रायव्हर त्याला आड येत असेल तर तो कुठला, हे तिथंच लिहून येतं. प्रिंटर किंवा स्कॅनर इतका जुना असेल की त्याला सहीवाला ड्रायव्हर मिळणारच नाही, तर त्याच्यासाठी एक जुनं मशीन वेगळं ठेवा आणि त्याला इंटरनेट जोडू नका. विंडोज १०ची नेहमीची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा ते वापरणाऱ्यांनी पुढची सोय बघायला हवी. मोबाइलचंही तसंच. ‘रूट करून देतो, सगळं फुकट चालेल’ म्हणणारा दुकानदार त्या डिचोलीच्या मुलाचाच भाऊ.

आणि या सगळ्याआधी एक काम करा. जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही, त्याची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि ती डिस्क एरवी मशीनला लावून ठेवू नका. मशीन सहीनं बिघडो की बिनसहीनं, नक्कल असली तर निदान रडावं लागत नाही.

तो मुलगा वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. अण्णाला घाई होती, आणि मुलानं घाईतल्या माणसाचं काम केलं. आपल्यातले बहुतेक जण असेच फसतात. अडलेलं काम समोर असतं, आणि अडवणारा शत्रू वाटायला लागतो. अशा वेळी आधी एक फोन करावा आणि विचारावं की सही असलेला माल मिळेल का. अण्णाला तो फोन करायला एक उन्हाळा उशीर झाला.

बेळगावला परतल्यावर ही सगळी हकिकत मी घरी सांगितली. सासूबाई शेंगा सोलत ऐकत होत्या. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “सही इद्र सिही इरतद अंत एनिल्ल.” सही असली म्हणजे गोडच असेल, असं काही नसतं. मी म्हटलं, “अत्ते, पण सहीच नसेल तर?” त्यावर त्यांनी टरफलं सुपात झटकली आणि विचारलं, बिनसहीचा चेक बँकेत कुणी घेतं का?

त्या एकेचाळीस ओव्या मी आता युनिकोडमध्ये उतरवून काढल्या आहेत. एक प्रत अण्णाकडे, एक माझ्याकडे, आणि एक कागदावर छापून पुन्हा वहिनीच्या कपाटात.